मेटल डिटेक्टरने सोनं शोधायला शिकतोय, मुंबईत सराव कसा करू?

दहिसरचा_कंडक्टर

नमस्कार मंडळी. मी बेस्टमध्ये ३१ वर्षं कंडक्टर होतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. राहायला दहिसर पूर्वेला. थोरला मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. येत्या मे महिन्यात मी आणि मिसेस तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे जातोय. पर्थपासून साधारण ६०० किलोमीटरवर कालगुर्ली नावाचं सोन्याच्या खाणींचं गाव आहे. १८९३ साली पॅडी हॅननला तिथे सोनं सापडलं, तेव्हापासून लोक शोधतायत. मुलगा सुट्टीत मित्रांबरोबर डिटेक्टर घेऊन त्या भागात जातो. मागच्या वर्षी त्याला तुरीच्या दाण्याएवढा तुकडा मिळाला, दीड ग्रॅम भरला. व्हिडिओ कॉलवर तळहातावर ठेवून दाखवला आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, इकडे येऊन शिकायला लागलात तर सगळे दिवस शिकण्यातच जातील. मशीन घरी ठेवून जातो, आत्तापासून हात बसवा." दिवाळीत आला तेव्हा त्याचं जुनं माइनलॅब इक्विनॉक्स ८०० ठेवून गेला. त्यात पार्क, फील्ड, बीच आणि गोल्ड असे चार प्रकार आहेत. मला सोनं शोधायचंय म्हणून मी पहिल्यापासून गोल्डवरच ठेवलं.

आता अडचण सांगतो. घरात चालू केलं की मशीन सारखं किलबिलाट करतं. गच्चीवर नेलं तर नुसतं बोंबलतं. सोसायटीच्या आवारात हातभर पुढे सरकत नाही तोवर खिळा. शेवटी बोरिवलीहून बोटीने गोराईला जायला लागलो. कोरड्या वाळूत ठीक चालतं, ओल्या वाळूत गेलं की परत तोच गोंधळ, जमिनीला टेकवलं तरी आवाज, उचललं तरी आवाज.

आतापर्यंत ११ वेळा जाऊन आलो. नोकरीत वेबिल भरायची सवय, त्यामुळे प्रत्येक वस्तू वहीत लिहिली आहे: जागा, मशीनच्या पडद्यावरचा आकडा, किती खोल, काय निघालं. एकूण २१२ वस्तू. त्यातली ९७ बाटल्यांची बुचं, ३१ वेळा चांदीचा कागद, बाकी खिळे, तारा, नऊ नाणी, एक पितळी घुंगरू.

माझे प्रश्न असे. मुंबईच्या आसपास खरं सोनं मिळेल अशी जागा आहे का, म्हणजे सोन्याचा आवाज कसा ते तरी कळेल? नसेल तर सराव कशावर करू? आणि आवाज ओळखायला नक्की शिकायचं कसं? कान माझा वाईट नाही. पिशवीत नाणं पडलं की न बघता सांगायचो, आठ आणे की रुपया. पण या मशीनचे आवाज अजून ओळखीचे होत नाहीत.

मुलुंडचा_फिटर

काका, मी वेस्टर्न ऑस्ट्रेलियात सहा वर्षं खाणीच्या डंपरवर फिटर होतो आणि जवळजवळ प्रत्येक सुट्टीला डिटेक्टर घेऊन रानात असायचो. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुंबईच्या जमिनीत शोधू नका. आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आपल्याकडच्या कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणी कोलार आणि हट्टी, तिकडची तुमची कालगुर्ली, ही सगळी अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या ग्रीनस्टोन खडकांच्या पट्ट्यांतली ठिकाणं. तो खडक इथे नाही. पण शिकायला मुंबई फार चांगली आहे. कालगुर्लीत जे जे छळतं ते सगळं तुम्हाला इथे मिळतंय: लोखंडाचा कचरा, विजेचा गोंगाट, खारट जमीन. फक्त तांबडी माती नाही, तिच्याकडे नंतर येतो.

मशीनमध्ये बिघाड नाही. घरातला किलबिलाट विजेच्या वायरींचा आणि मोबाइलचा. गच्चीवर तुम्ही स्लॅबमधल्या सळया ऐकताय, तिथे कुणालाच काही शिकता येणार नाही. आणि ओल्या वाळूत गोल्डवर चालवू नका. गोल्डमध्ये मशीन उंच फ्रिक्वेन्सीवर जोर देतं, कारण बारीक सोनं तिलाच उत्तर देतं. खारं पाणीही तिलाच उत्तर देतं, म्हणून पाण्याचाच आवाज येतो. ओल्या वाळूसाठी बीच आहे. गोल्डचा सराव भरतीच्या रेषेच्या वर, पूर्ण कोरड्या जागेत करा. मोबाइल एअरप्लेनवर टाका, कॉइल, म्हणजे दांडीच्या टोकाची चकती, हवेत स्थिर धरून नॉइज कॅन्सल करा म्हणजे विजेचा गोंगाट कमी होईल, मग एखादी स्वच्छ जागा बघून कॉइल वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मशीन जमिनीचा स्वतःचा आवाज सोडून देईल. तरीही कुरकुरत असेल तर सेन्सिटिव्हिटी दोन-तीन घर खाली आणा. नवीन माणूस ती शेवटपर्यंत चढवून ठेवतो आणि गोंगाटात बारीक आवाज हरवतो. मीही पहिले दोन महिने तेच केलं.

आकड्यावर विसंबू नका. तुमच्या मशीनवर आकडे उणे नऊपासून चाळीसपर्यंत जातात. बारीक सोन्याचा कण अगदी खाली, एक ते चारच्या आसपास दाखवतो, आणि चांदीचा कागदही तिथेच. थोडं मोठं सोनं ॲल्युमिनियमच्या डब्याच्या कडीच्या आकड्यावर येतं. म्हणजे तुमचे ते ३१ कागद वाया गेले नाहीत. कागद ज्याने सोडला त्याने सोनंही सोडलं. सोन्याच्या जमिनीत आम्ही प्रत्येक आवाज खणायचो. जुन्या खाणकामगारांच्या बुटांचे खिळे, बंदुकीच्या गोळ्या, पत्र्याच्या डब्यांचे तुकडे, सगळं.

आता कान. गोल्डमध्ये हेडफोनमध्ये एक बारीक गुणगुण सतत चालू असते, तिला थ्रेशोल्ड म्हणतात. तुमचं लक्ष त्या गुणगुणीवर हवं. मोठा तुकडा स्वतःहून ओरडतो, त्याला शिकायची गरज नाही. बारीक तुकडा गुणगुण फक्त जराशी उचलतो, जणू कुणी श्वास घेतला. तो आवाज आला की थांबा, त्याच जागेवरून परत दोन्ही दिशांनी फिरवा, मग काटकोनात उभे राहून फिरवा. धातू असेल तर चारही बाजूंनी एकाच जागी, आखूड, कडा असलेला आवाज देतो. जमिनीचा आवाज पसरट असतो, एका बाजूने येतो, दुसऱ्या बाजूने येत नाही. मग वरची बोटभर माती बुटाने बाजूला करा. धातूचा आवाज वाढतो, जमिनीचा विरतो. बूट मात्र लोखंडी टोपीचे किंवा लोखंडी कड्यांचे नकोत.

माझा पहिला कण ०.४ ग्रॅमचा. तीन वीकेंड नुसते खिळे काढले होते. चौथ्या वेळी एका सुकलेल्या ओढ्यात गुणगुण जरा उचलल्यासारखी वाटली आणि मी जमीन समजून पुढे गेलो. सात-आठ पावलांवर मनाला लागलं, परत आलो. वीतभर खणल्यावर आवाज खड्ड्यातून बाहेरच्या ढिगात आला. ढीग प्लास्टिकच्या स्कूपमध्ये घेतला, स्कूप कॉइलवरून फिरवला, वाजला. अर्धी माती हातावर ओतली, स्कूप परत फिरवला, गप्प. म्हणजे तो हातात. हातातली माती चिमूट चिमूट कॉइलवर टाकत गेलो आणि एका चिमटीला टक् असा आवाज आला. कॉइलवर तांबड्या मातीचा एक खडा होता, बाकीच्यांसारखाच. थुंकी लावून अंगठ्याने पुसला तेव्हा पिवळा झाला. हे एवढ्यासाठी सांगतो की सोनं जमिनीत चमकत नाही. माती अर्धी-अर्धी करत शोधायची ही पद्धत गोराईला बुचांवर घोटून घोटून पक्की करा. खड्डा पाडणं सोपं असतं, आत सुटलेला कण परत हाती लागणं अवघड.

कॉइल फिरवताना एक चूक सगळे करतात. केर काढताना झाडू जसा प्रत्येक हाताच्या शेवटी वर उचलला जातो, तशी कॉइल दोन्ही टोकांना उचलली जाते आणि तिथली खोली जाते. टोकापर्यंत जमिनीला समांतर, बोटभर उंचीवर ठेवा, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढू द्या. सावकाश. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला मनात तीन आकडे मोजा.

आणि सोन्याऐवजी शिसं वापरा. शिशाचा तुकडा मशीनला बारीक सोन्याच्या जवळपासच ऐकू येतो, आम्ही सगळे त्यावरच मशीन तपासायचो. एक ग्रॅम, अर्धा ग्रॅम, पाव ग्रॅम असे तुकडे करून प्लास्टिकच्या झाकणांना चिकटवा म्हणजे हरवणार नाहीत, आणि वेगवेगळ्या खोलीवर पुरा. पुरणारं दुसरं कुणी असलं तर उत्तम. शिसं हाताळल्यावर हात मात्र साबणाने धुवा.

राहिली तांबडी माती. तिकडची जमीन लोहाने भरलेली असते, त्यात हॉट रॉक म्हणतात ते दगड हुबेहूब धातूसारखे वाजतात. त्याच्या जवळचं आपल्याकडे काही असेल तर जांभा. तुमचं गाव कोकणात असेल तर सड्यावरची माती आणा आणि त्यात शिसं पुरून ऐका. कोरड्या वाळूत जे मशीन वीतभर खाली ऐकतं ते जांभ्यात निम्म्यावर येतं. हा धक्का इथेच बसून जाऊ दे.

परवान्याचं मुलाला माहीत असेलच, तरी सांगतो. तिथे तुमच्या स्वतःच्या नावाचा माइनर्स राइट लागतो, मुलाचा चालत नाही. तो असला तरी दुसऱ्याच्या लीजवर परवानगीशिवाय जाता येत नाही. कुणी खनिज शोधायला घेतलेल्या, एक्स्प्लोरेशन लायसन्सच्या जमिनीवर जायचं तर ४०ई नावाचं वेगळं परमिट काढावं लागतं, ते तीन महिने चालतं. खड्डे बुजवायचेच. आणि रानात एकट्याने गाडीपासून लांब जायचं नाही. मी दोनदा दिशा चुकलो आहे. सगळी झाडं सारखी दिसतात, मान खाली आणि कानात हेडफोन असतो, गाडी कुठल्या बाजूला राहिली ते कळत नाही. जीपीएस आणि पाणी अंगावर ठेवा, गाडीत नको.

मढची_ताई

दादा, शिसं विकत घ्यायला लांब जाऊ नका. कुठल्याही कोळीवाड्यात जाळ्याच्या सामानाच्या दुकानात मिळेल. पागाला लावायच्या शिशाच्या गोळ्या मागा. मऊ असतात, पकडीने तुटतात.

ओल्या वाळूत बीचवर लावून शिकायचं असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या मागेपुढे जा. उधाणाच्या दिवसांत ओहोटी लांब जाते आणि एरवी पाण्याखाली असलेली वाळू उघडी पडते. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी ना धड चढत ना धड उतरत, फेरी फुकट जाईल. आणि ओहोटी लागल्यावर पाण्याच्या मागे मागे जा, भरती फिरल्यावर थांबू नका. गोराई-मनोरीला चिखलाच्या जागा आहेत, माणूस गुडघ्यापर्यंत जातो.

अजून एक. विसर्जनानंतर आमच्या किनाऱ्यावर लोकांचे दागिने सापडतात. गणपतीच्या अंगावरचा हार काढायचा राहून जातो, कुणाची गर्दीत अंगठी पडते. तुम्हाला असं काही मिळालं तर आधी चौकीत कळवा. माझ्या जावेची नथ अशीच एका पोराने आणून दिली होती, ती अजून त्याच्या घरी दर गौरीला फराळ पाठवते. आणि मशीन घेऊन पहिल्यांदा जाताना चौकीत सांगून जा. किनाऱ्यावर हेडफोन लावून काही तरी शोधणारा माणूस दिसला की विचारणा होणारच, आणि व्हायलाच हवी.

सह्याद्री_भटक्या

काकांनी विचारलं नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. हे मशीन घेऊन कुणी गडावर जाऊ नका. संरक्षित स्मारकात खणणं गुन्हा आहे. बाहेर कुठे जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. किंमत दहा रुपयांच्या वर असली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. नाणं जमिनीत नेमकं कुठे, कशाच्या शेजारी होतं, यावर इतिहास उभा असतो. ते उपटून घरी नेलं की तो पुरावा कायमचा गेला. आणि इथे खनिज म्हणून सोनं शोधायला १९५७ च्या खाण कायद्याखाली परवाना लागतो, ऑस्ट्रेलियासारखा हौशी लोकांसाठीचा सोपा परवाना आपल्याकडे नाही.

काळबादेवीचा_कारागीर

मुंबईत जमिनीवर सोनं आहे, पण तुमच्या मशीनचं नाही. आमच्या झवेरी बाजारात झारेकरी लोक कारखान्यांतला केर आणि गटारातला गाळ विकत घेतात, धुतात आणि त्यातून सोनं काढतात. माझे आजोबा कारखान्यातली चटई जाळून तिची राख त्यांना द्यायचे. कानशीने घासताना उडालेली ती पूड इतकी बारीक असते की कुठल्याच मशीनला ऐकू येणार नाही. ती पाण्यानेच वेगळी होते, कारण सोनं सारख्याच आकाराच्या पाण्याच्या १९ पट जड असतं.

तिकडे गेल्यावर पिवळं दिसलं की घाईने खूश होऊ नका. घरी येऊन तुकडा छोट्या हातोडीने हलकेच ठोका. सोनं चपटं होतं, सोनमाखीचा, म्हणजे सोन्यासारख्या पिवळ्या दिसणाऱ्या खनिजाचा, भुगा होतो. अभ्रक नखाने सुटतं. मात्र तुकडा चांगला दिसत असेल तर ठोकूही नका आणि तेजाबात तर मुळीच घालू नका. अशा नैसर्गिक तुकड्याला वजनापेक्षा जास्त दाम मिळतो, आकार मोडला की फक्त वजन उरतं. दातणाच्या मऊ ब्रशने माती काढा. शिशाचे तुकडे काट्यावर वजन करून हवे असतील तर या पेठेत कुठलाही ओळखीचा सोनार पाच मिनिटांत करून देईल.

दहिसरचा_कंडक्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लिहिलं नाही, कारण तुम्ही सांगितलेलं करत होतो.

मढच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे शिशाच्या गोळ्या आणल्या आणि आमच्या आळीतल्या सोनाराकडून एक, अर्धा आणि पाव ग्रॅमचे मिळून दहा तुकडे करून घेतले. गोराईच्या चौकीत वही दाखवून सांगून आलो. तिथल्या हवालदारांनी वही चाळली आणि एवढंच म्हणाले की खड्डे बुजवत जा, पोरं पळतात.

गाव राजापूर तालुक्यात आहे, तिथल्या सड्यावरची दोन पोती जांभ्याची माती भावाने ट्रॅव्हल्सने पाठवली. गोराईला एका जुन्या सहकाऱ्याची वाडी आहे. तिथे विजेची तार नाही. आधी माती आंब्याच्या पेटीत भरली, तर पेटीच्या खिळ्यांनीच मशीन वाजायला लागलं. मग मासळीचा प्लास्टिकचा क्रेट घेतला, तो वाजत नाही. एक क्रेट जांभ्याचा, बाकी तुकडे वाडीच्या वाळूत.

पुरायचं काम मिसेसने घेतलं. मी पाठ करून बसायचो, ती पुरून वरून माती झाडूने सारखी करायची आणि कागदावर आपली खूण लिहून ठेवायची. पहिल्या दिवशी वाळूतल्या सहापैकी पाच मिळाले, जांभ्यातल्या चारपैकी एकही नाही. नंतर पाच दिवस दररोज सकाळी तेच. ग्राउंड बॅलन्स क्रेटवरच केला, सेन्सिटिव्हिटी २० वरून १६ वर आणली. चौथ्या दिवशी, फिटरसाहेब, तुम्ही म्हणता तो श्वास ऐकू आला. गुणगुण किंचित जाड झाली, एवढंच. परत फिरवलं, परत तिथेच. काटकोनात गेलो, तिथेच. अर्ध्या ग्रॅमचा तुकडा होता, चार बोटं खाली. माती अर्धी-अर्धी करत गेलो आणि तिसऱ्या मुठीत मिळाला. नाण्यांची गंमत अशी होती की नाणं पडताना एकदाच वाजतं, हुकलं की संपलं. हे परत परत विचारता येतं, आणि परत विचारण्यातच सगळं आहे असं मला आता वाटतंय.

काल जांभ्यातले चारपैकी तीन मिळाले. राहिला तो पाव ग्रॅमचा, मिसेसने सहा बोटं खाली ठेवला होता. मातीतल्या खड्यांपैकी सात असे निघाले जे शिशासारखे वाजतात. ते वेगळ्या डबीत ठेवलेत आणि रोज एकदा कॉइलवरून फिरवून ऐकतो, म्हणजे फसवा आवाजही ओळखीचा होईल.

एक विचारायचं राहिलं. मशीनबरोबरची कॉइल ११ इंची आहे. तो पाव ग्रॅम मिळवायला लहान कॉइल घेऊ का?

मुलुंडचा_फिटर

घ्या, सहा इंची. लहान कॉइल एका वेळी जमीन कमी बघते, त्यामुळे जमिनीचा गोंगाट कमी आणि बारीक कण जास्त ठळक. झुडपांच्या मुळांत आणि दगडांच्या फटीतही शिरते. मोठी टाकून देऊ नका, मोकळ्या मैदानावर तीच लागेल. आणि पाव ग्रॅम जांभ्यात सहा बोटांवर मलाही मिळाला नसता, तो चार बोटांवर ठेवायला सांगा.

वहिनींनाही एक हेडफोन द्या. त्यांचा माइनर्स राइट वेगळा काढायला मुलाला आत्ताच सांगून ठेवा.